पोट वाढलं म्हणजे दिवस गेले असं नव्हे

(आशाताई, अंगणवाडी सेविका आणि शिक्षिका यांच्या आरोग्य शिबिरात एका वैद्यकीय समाजसेविकेने केलेलं भाषण. बोलण्याचा सूर तसाच ठेवला आहे. भाषणात आलेल्या मुलींची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला तेव्हा तुमच्यापैकी दोघीतिघींनी मला विचारलं, "ताई, एवढ्याशा पोरींना बीजकोषाच्या गाठी होतात?" प्रश्न अगदी बरोबर आहे. बायकांचा कॅन्सर म्हटलं की आपण स्तनांबद्दल बोलतो, गर्भपिशवीच्या तोंडाबद्दल बोलतो, आणि तेही चाळिशी ओलांडलेल्या बाईबद्दल. आठ वर्षांच्या किंवा तेरा वर्षांच्या मुलीच्या ओटीपोटात गाठ असेल हे आपल्या डोक्यातच येत नाही. तिचं पोट दिसायला लागलं की डोक्यात येतं ते भलतंच. त्या भलत्याबद्दल मला आज जास्त बोलायचं आहे.

आधी सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. एम.एस.डब्ल्यू. केल्यापासून रुग्णालयातच काम करते आहे. वैद्यकातलं जे सांगेन ते डॉक्टरांच्या शेजारी बसून आणि वाचून शिकलेलं. बाकीचं वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेल्या आयांनी शिकवलं.

बीजकोष दोन असतात, गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना. शाळेच्या पुस्तकात त्यांना अंडाशय म्हणतात. मुलगी आईच्या पोटात असतानाच ते तयार होतात, आणि तिच्या आयुष्यभराची स्त्रीबीजं जन्मताना त्यांत असतात. पाळी आल्यावर बीजकोष 'येतात' असा आपला समज असतो, तो काढून टाका. म्हणून त्यांचे आजारही कुठल्याही वयात होऊ शकतात. लहान मुलीचं ओटीपोट अरुंद असतं, त्यामुळे गाठ वाढली की खाली न मावता वर पोटात येते आणि बेंबीच्या आसपास हाताला लागते. आई म्हणते, पोट साफ होत नाही, जंत झाले असतील. जंतांचं औषध दिलं जातं. महिना जातो.

सगळ्याच गाठी वाईट नसतात, हे दहा वेळा सांगितलं तरी कमीच. नवजात मुलींच्या बीजकोषात आईच्या संप्रेरकांमुळे पाण्याचे फुगे दिसतात, त्यातले लहान फुगे बहुतेक काही महिन्यांत आपोआप जिरतात. पाळी सुरू झालेल्या मुलींतही असे फुगे येतात आणि एकदोन पाळ्यांनंतर जातात. सोनोग्राफीच्या कागदावर 'सिस्ट' हा शब्द दिसला की घरात रडारड सुरू होते. अशा वेळी बहुतेकदा डॉक्टर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करायला सांगतात, आणि तेवढंच करायचं असतं.

खऱ्या अर्थाने गाठ असते तेव्हाही मुलींमध्ये सगळ्यात जास्त आढळते ती डर्मॉइड, म्हणजे पक्व टेराटोमा. ती कॅन्सरची नसते. तिच्यात केस निघतात, चरबी निघते, कधी दात निघतो. ऑपरेशननंतर ही गाठ नातेवाइकांना दाखवली की काय काय बोललं जातं ते तुम्हाला मी सांगायला नको. करणी केली, पोटात अर्धवट मूल होतं, कुठे गेली होती ही. गाठीत केस-दात येण्याचं कारण साधं आहे. बीजाच्या पेशीत शरीराचा कुठलाही भाग घडवण्याची क्षमता असते, आणि ती पेशी एकटीच भलत्या वाटेने वाढायला लागली की त्वचा, केस, हाड असं काहीही तयार होतं. त्यात पुरुषाचा संबंध नसतो. पाच वर्षांच्या मुलीतही अशी गाठ निघते. हे वाक्य पाठ करून ठेवा, गावात उपयोगी पडेल.

कॅन्सरच्या गाठी यापेक्षा पुष्कळ कमी. लहान मुलांच्या सगळ्या कॅन्सरमध्ये बीजकोषाचा वाटा शंभरात एखादा असेल. आत्याला किंवा आजीला होतो तो बीजकोषाचा कॅन्सर आणि मुलींना होतो तो, हे दोन वेगळे आजार आहेत. वयस्क बाईत तो बहुधा बीजकोषाच्या वरच्या आवरणासारख्या पेशींचा असतो. मुलींमध्ये तो बहुतेक वेळा बीजपेशींचा असतो. डिसजर्मिनोमा, योक सॅक ट्यूमर, अपक्व टेराटोमा अशी त्यांची नावं आहेत. नावं लक्षात राहिली नाहीत तरी चालेल. लक्षात ठेवायचं ते हे की यातल्या काही गाठी आठवड्या-आठवड्याने वाढतात, आणि तरीही औषधांना फार चांगला प्रतिसाद देतात. आत्या वाचली नाही म्हणून भाचीवर पैसे घालवण्यात अर्थ नाही, असं एका घरात माझ्यासमोर म्हटलं गेलं होतं. त्या दोघींच्या आजारांत नावाखेरीज फारसं साम्य नव्हतं.

आता पोट दिसण्याची गोष्ट.

नववीतली एक मुलगी. पाळी अनियमित, ती तशी या वयात असतेच. दोन महिन्यांत पोट वाढलं. शाळेत मुलींनी कुजबुज केली, बाईंनी आईला बोलावून घेतलं. आईने औषधाच्या दुकानातून लघवी तपासायची पट्टी आणली. पट्टीवर दोन रेघा आल्या. त्या दिवसापासून मुलीची शाळा बंद. बापाने मारलं, मामाने नाव विचारलं, मुलगी रडून सांगत राहिली की असं काही झालेलं नाही. पट्टी काय खोटं बोलते, असं म्हणून तिला दूरच्या नातेवाइकांकडे नेऊन ठेवलं. तिथे सगळं गुपचूप उरकायचं ठरलं होतं. उरकून देणाऱ्या माणसानेही सोनोग्राफी केली नाही. गोळ्या दिल्या. काहीच झालं नाही, पोट वाढतच गेलं. शेवटी धाप लागायला लागली तेव्हा मोठ्या रुग्णालयात आणलं. सोनोग्राफीत गर्भपिशवी रिकामी, आणि उजव्या बीजकोषाची घट्ट गाठ बेंबीच्या वर गेलेली.

मग पट्टीवर दोन रेघा का आल्या? पट्टी ओळखते ते एच.सी.जी. नावाचं संप्रेरक. गरोदरपणात ते वार तयार करते. पण बीजपेशींच्या काही गाठींत वारेसारख्या पेशी असतात आणि त्याही हेच संप्रेरक तयार करतात. म्हणजे पट्टी खोटं बोलली नव्हती. तिला एवढंच सांगता येतं की शरीरात एच.सी.जी. आहे. ते कुठून आलं हे तिला कळत नाही, त्यासाठी सोनोग्राफीच लागते. मुलगी मात्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होती आणि घरातल्या एकानेही तिच्यावर विश्वास ठेवला नव्हता.

ती मुलगी बरी झाली. ऑपरेशन झालं, औषधं झाली, वर्ष वाया गेलं पण दहावी पास झाली. तपासणीला आली असताना मला म्हणाली, "ताई, गाठ गेली, पण मामी अजून माझ्याकडे तशीच बघते." याला रुग्णालयात काही औषध नाही. मी मामीला बोलावून घेतलं होतं. ती आली नाही.

पोट दिसलं की दिवस गेले, हा गैरसमज काही आपल्याच गावचा नाही. १८०९ साली अमेरिकेत केंटकी राज्यातल्या जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या बाईला डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिच्या पोटात जुळं आहे आणि दिवस उलटून गेलेत. इफ्राइम मॅकडॉवेल या डॉक्टरने तपासून सांगितलं, ही बीजकोषाची गाठ आहे. ती साठ मैल घोड्यावरून त्याच्या गावी गेली. तेव्हा भूल द्यायचं औषध नव्हतं. त्याने सुमारे दहा किलोची गाठ काढली, आणि ती बाई त्यानंतर बत्तीस वर्षं जगली. पोट उघडून गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास या ऑपरेशनपासून सांगतात. पुस्तकांत डॉक्टरला शूर म्हटलेलं असतं. मला घोड्यावर बसलेली बाई जास्त आठवते.

तर आपण काय करायचं? मुलीचं पोट वाढलेलं दिसलं, पट्टी काहीही म्हणो, आधी सोनोग्राफी. आणि ही सोनोग्राफी पोटावरून होते. मुलीने पाणी पिऊन लघवी रोखून धरायची, एवढाच त्रास. आतून तपासणी करावी लागत नाही. 'लग्न न झालेल्या पोरीला कशाला तपासायला न्यायचं' या भीतीपोटी कितीतरी आया येत नाहीत, म्हणून हे आधीच सांगा.

दुसरीही बाजू आहे आणि ती दडपून चालणार नाही. पोट वाढलेली मुलगी गरोदर असूही शकते, आणि या वयात त्याचा अर्थ बहुधा अत्याचार असतो. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अठराच्या आतल्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. त्यामुळे निदान नक्की असणं दोन्ही बाजूंनी महत्त्वाचं. मुलीशी एकटीशी बोला, आईला बाहेर बसवा. तिला आरोपीसारखं विचारू नका. ती जे सांगेल ते ऐका आणि तपासणीला न्या.

काही गाठी पोट वाढवत नाहीत, शरीर वेळेआधी बदलवतात. सहा वर्षांच्या मुलीला स्तन यायला लागले, अंगावरून रक्त गेलं, तर बीजकोषातली ग्रॅन्युलोसा पेशींची गाठ इस्ट्रोजेन बनवत असण्याची शक्यता असते. याची दुसरी कारणंही असतात. मेंदूकडून इशारा लवकर येतो, किंवा योनीमार्गात इजा झालेली असते, आणि अत्याचाराचाही विचार करावा लागतो. आठ वर्षांच्या आत पाळीसारखा रक्तस्राव म्हणजे 'लवकर शहाणी झाली' असं म्हणून घरात हळदी-कुंकू करण्याची वेळ नव्हे. उलट, पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीची सुरू झालेली पाळी थांबली, आवाज घोगरा झाला, दाढीमिशीसारखे केस झपाट्याने आले, तर पुरुषी संप्रेरक बनवणारी गाठ क्वचित असू शकते. अशा मुलीची गावभर चेष्टा होते. आणि सोळा उलटले तरी पाळी आलीच नाही, तर तिलाही दाखवा. अशा काही थोड्या मुलींच्या गुणसूत्रांची ठेवण वेगळी असते आणि त्यांच्या बीजकोषांच्या जागी गाठ होण्याचा धोका जास्त असतो. तिचं लग्न उरकून 'नंतर बघू' म्हणणाऱ्या घरांना हे ठणकावून सांगावं लागतं.

आता पीळ. गाठीच्या किंवा मोठ्या फुग्याच्या वजनाने बीजकोष स्वतःभोवती पिळला जातो आणि त्याचा रक्तपुरवठा तुटतो. एकदम एका बाजूला जीवघेणी कळ येते, सोबत उलट्या. कधी कळ थांबते आणि पुन्हा येते. घरी म्हणतात पाळीचं दुखतंय, ओवा खा, शेक घे. शाळेत म्हणतात गणिताचा पेपर आहे म्हणून नाटक. याला तासांचा हिशोब असतो, त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. पूर्वी पीळ पडलेला बीजकोष काळानिळा दिसला की काढूनच टाकत. आता समजलं आहे की पीळ सोडवला तर काळा दिसणारा बीजकोषही पुष्कळदा सावरतो. अमेरिकेतल्या प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ साली किशोरवयीन मुलींसाठी स्पष्टच सांगितलं की पीळ सोडवा, बीजकोष वाचवा. आपल्याकडच्या प्रत्येक छोट्या हॉस्पिटलात हे पोचलंय असं मी म्हणणार नाही. म्हणून नातेवाइकांनी विचारायचं, "डॉक्टर, बीजकोष ठेवता येईल का?"

ऑपरेशनच्या कागदावर अंगठा किंवा सही करायची वेळ येते तेव्हा घरचे इतके घाबरलेले असतात की 'सगळं काढून टाका, पण पोर वाचवा' म्हणतात. बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या जातात हे आपल्याला माहीत आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत गेला तो यामुळेच. मुलींच्या बाबतीत तर हे मुळीच मान्य करू नका. डर्मॉइड असेल तर बहुतेकदा नुसती गाठ सोलून काढून उरलेला बीजकोष ठेवता येतो. बीजपेशींचा कॅन्सर एका बाजूला असेल तर त्या बाजूचा बीजकोष आणि नळी काढतात. दुसरा बीजकोष आणि गर्भपिशवी ठेवतात, आणि आजार थोडा पसरलेला असला तरी बहुतेकदा ठेवता येतात, कारण उरलेलं काम औषध करतं. एका बीजकोषावर पाळी येते, मूलही होतं.

तीन गोष्टी ऑपरेशनच्या आधी व्हायला हव्यात असं डॉक्टर सांगतात, त्यांचा आग्रह धरा. एक, रक्तातल्या खुणांची तपासणी: ए.एफ.पी., बीटा एच.सी.जी., एल.डी.एच. गाठ कुठल्या जातीची आहे याचा अंदाज त्यावरून येतो, आणि गाठ काढल्यावर ए.एफ.पी. हळूहळू उतरतंय का यावरून पुढचं कळतं. आधीचा आकडाच नसेल तर तुलना कशाशी करणार? दोन, संशयास्पद गाठीत सुई घालून पाणी काढू द्यायचं नाही. गाठ फुटली, आतलं पोटात सांडलं तर साध्या टप्प्यावरचा आजार वरच्या टप्प्यावर जातो. तीन, जिथे मुलांच्या किंवा स्त्रियांच्या कॅन्सरचं काम चालतं अशा ठिकाणी जमलं तर आधीच नेणं. पीळ पडला असेल तर मात्र थांबायचं नाही, जवळ असेल तिथे जायचं.

औषधांबद्दल दोन शब्द. १९६५ साली अमेरिकेत मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते. जिवाणूंचं विभाजन थांबलं ते विजेने नव्हे, इलेक्ट्रोडमधल्या प्लॅटिनममुळे, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यातून सिस्प्लॅटिन हे औषध निघालं आणि १९७८ मध्ये त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली. त्याआधी योक सॅक ट्यूमर झालेल्या मुली ऑपरेशननंतरही बहुतेक वर्षा-दोन वर्षांत दगावत. आज आजार बीजकोषापुरता असेल तर शंभरातल्या नव्वदहून जास्त मुली बऱ्या होतात, आणि पसरलेल्या आजारातही बहुसंख्य. सुरुवातीच्या टप्प्यावरच्या काही गाठींना तर ऑपरेशननंतर औषध न देता नुसती कडक नजर ठेवतात. औषध लागलं तर साधारण तीन आठवड्यांच्या अंतराने तीन-चार फेऱ्या. केस जातात, पुन्हा येतात. उलट्या होतात, त्यावर आता चांगली औषधं आहेत. सिस्प्लॅटिनने ऐकू कमी येऊ शकतं, मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. ब्लिओमायसिन फुप्फुसांना त्रास देऊ शकतं. म्हणून मध्येमध्ये तपासण्या असतात, त्या चुकवायच्या नाहीत. मधल्या काळात पाळी थांबली तरी बहुतेकींची परत सुरू होते.

हे सगळं असूनही मुली अर्ध्यावर औषध सोडतात. पैसा हे कारण आहेच. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचं ऑपरेशन आणि केमो मोफत होतं, पण योजनेतल्या रुग्णालयातच. रेशनकार्डावर मुलीचं नाव नसलं की तिथेच दोन आठवडे जातात. तुमच्या गावातल्या किती मुलींची नावं कार्डावर चढलेली नाहीत ते आजच बघा. रेल्वेत आणि एस.टी.त कॅन्सरच्या रुग्णांना प्रवासात सवलत असते, ते प्रमाणपत्र रुग्णालयातच मिळतं. आमच्यासारख्या समाजसेविकेची खोली शोधा, लाजू नका.

पण पैशाइतकंच मोठं कारण दुसरं आहे. आपल्या देशात कॅन्सरवर उपचार घेणाऱ्या मुलांमध्ये मुलगे जास्त आणि मुली कमी दिसतात, आणि गावात-शहरात नोंदल्या जाणाऱ्या आजारापेक्षा मोठ्या रुग्णालयांतली ही तफावत आणखी मोठी असते. म्हणजे निदान झालेल्या मुलीही वाटेत गळतात. आणि आजार बीजकोषाचा असला की त्यात लग्नाची भर. एका बापाने मला विचारलं होतं, "मॅडम, कागदावर बीजकोष न लिहिता नुसतं पोटाची गाठ लिहिता येईल का?" माणूस वाईट नव्हता. मुलीसाठी गुरं विकून आला होता. त्याला माहीत होतं की उद्या तो कागद कोणीतरी पाहील. मी त्याला म्हटलं, कागद खोटा लिहायचा नाही, पण तो कोणाला दाखवायचा हे तुमच्या हातात आहे. पुढे ती अठरा वर्षांची झाली की तिच्या हातात.

मुलीला काय झालंय हे मुलीलाच सांगत नाहीत, हा मला सगळ्यात खटकणारा भाग. आई-बाप सही करतात, मुलगी तेरा-चौदाची, सगळं समजणारी, तिला सांगतात अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे. मग शेजारच्या कॉटवरची बाई तिला खरं सांगते, आणि तेही अर्धवट. तिला वाटतं आपल्याला आता मूल होणारच नाही. एक मुलगी दोन वर्षं हे मनात धरून बसली होती. तिचा एक बीजकोष शाबूत होता, दर महिन्याला पाळी येत होती. तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

शेवटी फायलीबद्दल, कारण यात सगळ्यात जास्त घोळ होतात. काढलेली प्रत्येक गाठ तपासणीला, म्हणजे हिस्टोपॅथॉलॉजीला गेलीच पाहिजे. छोट्या हॉस्पिटलात ट्रेमध्ये गाठ दाखवतात, नातेवाईक बघून मान फिरवतात, आणि ती टाकून दिली जाते. हजार-दीड हजार वाचले असं वाटतं. सहा महिन्यांनी पोट पुन्हा वाढलं तर पहिली गाठ कसली होती हे कोणालाच सांगता येत नाही आणि उपचार अंदाजाने सुरू होतात. ऑपरेशनच्या दिवशी तुमच्यापैकी कोणी सोबत असेल तर डॉक्टरांना विचारा, गाठ कुठल्या लॅबला पाठवली, रिपोर्ट कधी. रिपोर्टबरोबर काचेच्या पट्ट्या आणि मेणाचा ठोकळा, म्हणजे स्लाइड आणि ब्लॉक, हेही मागून घेता येतात आणि मोठ्या रुग्णालयात ते लागतात. ठोकळा उन्हात ठेवू नका, वितळतो. सोनोग्राफीचे कागद, रक्ताचे आकडे तारखेसह, डिस्चार्ज कार्ड, सगळं एका पिशवीत, आणि प्रत्येकाची एक झेरॉक्स दुसऱ्या घरी. घरं गळतात, माणसं ऊसतोडीला जातात, कागद हरवतात. तपासणी मात्र काही वर्षं चालते, सुरुवातीला दर महिन्या-दोन महिन्यांनी आणि मग लांबत लांबत. तेव्हा ती पिशवी आणि पुढची तारीख तुमच्या डायरीत लिहून ठेवा.